टोरलाइफ ओस हे घर क्रमांक चौदामध्ये राहत नाहीत याबाबत

दिनांक : ६ नोव्हेंबर २०२३

प्रति,
मा. सहाय्य अधिकारी,
एकल पालक विभाग,
नगरपालिका कल्याण कार्यालय,
ग्रोसुंद.

अर्जदार : मारगुन लीबेक, घर क्र. १४, मोल्टेबाक्केन सहकारी गृहनिर्माण संस्था, ग्रोसुंद.

विषय : अर्जदाराच्या घरी जो माणूस राहत नाही, तो राहतो असे धरून बंद केलेले एकल पालक सहाय्य पूर्ववत सुरू करण्याबाबत.

संदर्भ :
१) आपला निर्णय, दि. २९ ऑगस्ट.
२) संस्थेच्या विशेष सभेचे इतिवृत्त, दि. २१ सप्टेंबर.
३) आपले पत्र, दि. ३ ऑक्टोबर, सोबत टपालपेटीचे छायाचित्र.
४) आपले पत्र, दि. २७ ऑक्टोबर, सोबत कोरा नमुना.

महोदय,

१. अर्जदार ही तिरिल नावाच्या सात वर्षांच्या मुलीची आई आहे. ती वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात अर्धवेळ काम करते आणि उरलेल्या वेळात परिचारिका-सहायकाचा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहे. मुलीचे वडील टोरलाइफ ओस हे मुलगी तान्ही असतानाच वेगळे झाले. तेव्हापासून घर क्र. १४ मध्ये एक प्रौढ आणि एक मूल राहते. एकट्या पालकाला मिळणाऱ्या आपल्या सहाय्यावर हे घर आजवर उभे राहिले. ते आपण २९ ऑगस्ट रोजी बंद केले आणि मागील पाच वर्षांचे परत मागितले. कारण एका ओळीचे आहे : "श्री. टोरलाइफ ओस हे वरील पत्त्यावर राहतात."

२. ही ओळ कुठून आली हे अर्जदाराने शोधले आहे. ती फावड्यातून आली.

३. आमच्या संस्थेत दर मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी श्रमदान असते, जसे ते या देशातल्या प्रत्येक संस्थेत असते. हिवाळ्यात बर्फावर टाकलेली खडी झाडायची, कुंपणाला रंग द्यायचा, छताच्या पन्हळीतला पाचोळा काढायचा आणि दुपारी सगळ्यांनी उभ्याने सॉसेज खायचे. आपणही कुठल्या ना कुठल्या संस्थेत राहत असाल, तेव्हा हे सांगायला नको की भाडे थकलेला माणूस आपल्याकडे तोंड वर करून चालू शकतो, पण श्रमदान चुकवलेला नाही. वृद्धाश्रमात मात्र शनिवारची पाळी ठरलेली असते आणि म्हाताऱ्यांच्या चादरी मे महिन्यातही ओल्या होतात. पाच वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी अर्जदार कामावर होती. टोरलाइफ तिरिलला दोन दिवसांसाठी न्यायला आला होता आणि फाटकापाशी उभा होता. संस्थेच्या अध्यक्षा ब्योर्ग स्टाव्हनेस यांनी त्याला पाहिले आणि ओरडून म्हटले, "अरे, हा धडधाकट माणूस नुसता उभा आहे! त्याच्या हातात फावडं द्या रे कोणीतरी." त्याने दोन वाजेपर्यंत खडी भरली, तीन सॉसेज खाल्ले आणि मुलीला घेऊन गेला. संध्याकाळी ब्योर्गने हजेरीच्या यादीत चौदासमोर "टोरलाइफ" असे लिहिले.

ही त्या वेळी मेहेरबानी होती. अर्जदार गैरहजर लागू नये म्हणून ती केली होती. अर्जदाराने ब्योर्गला मिठी मारली होती, हेही येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

४. मेहेरबानीची पुढे वहिवाट झाली. तिसऱ्या वर्षी पन्हळींचे काम कायमचे टोरलाइफकडे गेले, कारण शिडीच्या शेवटच्या पायरीवर न डगमगता उभा राहणारा संस्थेत दुसरा कोणी निघाला नाही. गेल्या वर्षीच्या वार्षिक अहवालात त्याचा उल्लेख "चौदाचा टोरलाइफ, आमचा पन्हळमंत्री" असा झाला आणि वाचताना लोक हसले. अर्जदारही हसली. याच अहवालाची प्रत संस्थेने या वर्षी खेळाच्या जागेच्या अनुदानासाठी नगरपालिकेला जोडली. त्या अर्जात "श्रमदान करणाऱ्या रहिवाशांची नावे (बाहेरील व्यक्ती धरू नयेत)" असा रकाना होता. ब्योर्गने पंधरा घरांची पंधरा नावे लिहिली आणि खाली सही केली. जूनमध्ये झोपाळा आला. ऑगस्टमध्ये अर्जदाराला आपले पत्र आले.

५. येथे अर्जदार दोन कागदांकडे आपले लक्ष वेधते.

५-अ. संस्थेचा "शेजार निधी" आहे. केक-सोडतीतून जमलेल्या पैशांतून तो दर डिसेंबरात एकट्या आयांना हिवाळ्याची मदत देतो. तिरिलचे बर्फावर चालायचे बूट, गेल्या वर्षीचा कोट, त्याआधी एकदा विजेचे बिल, हे सर्व त्यातून झाले. मदतीच्या प्रत्येक पावतीवर "सदर घरात अन्य प्रौढ व्यक्ती राहत नाही, याची मी खात्री केली आहे" असे वाक्य आणि त्याखाली ब्योर्ग स्टाव्हनेस यांची सही आहे. अशा पाच पावत्या.

५-आ. श्रमदानाच्या पाच याद्या. त्यांखाली ब्योर्ग स्टाव्हनेस यांची सही आहे.

५-इ. म्हणजे दर डिसेंबरात टोरलाइफ चौदामध्ये राहत नाही आणि दर मे महिन्यात राहतो. शाई एकच आहे. अर्जदाराने हे दोन्ही कागद आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर शेजारी शेजारी ठेवून दाखवले. खिडकीतील बाई म्हणाल्या, "यातला अलीकडचा कोणता?" अलीकडचा मे महिन्याचा होता.

६. अर्जदार ब्योर्गकडे गेली. तिरिलला बर्फावर पहिल्यांदा उभे केले ते ब्योर्गने. अर्जदाराची परीक्षा असायची तेव्हा मुलगी ब्योर्गच्या सोफ्यावर झोपायची. तिच्या घराची किल्ली अर्जदाराच्या खुंटीवर आहे, आजही. एका ओळीचे पत्र हवे होते : टोरलाइफ पाहुणा म्हणून श्रमदानाला येत असे. ब्योर्गने कॉफी ओतली, साखर पुढे केली आणि म्हणाली :

"अगं, तो राहत नाही हे मला ठाऊक नाही का? पण यादीवर सही माझी आहे. आता उलटं लिहून दिलं तर अध्यक्ष खोटारडी ठरते. शिवाय अनुदान परत मागतील. पोरं झोके घेतायत, तो झोपाळा काय उखडून नेऊन देऊ त्यांना?"

अर्जदाराने विचारले, मग माझे काय.

"तू निभावून नेशील. तू कायम निभावून नेतेस. आम्ही सगळे म्हणतो ना, मारगुन म्हणजे पोलाद."

हे कौतुक अर्जदाराने गेली सात वर्षे ऐकले आहे. ते कशासाठी राखून ठेवले होते, हे तिला त्या दिवशी कळले.

७. एकटीने निर्णय घेणे बरे दिसत नाही म्हणून ब्योर्गने विशेष सभा बोलावली. विषयपत्रिकेवर एकच विषय होता : "टोरलाइफ ओस हे घर क्र. १४ मध्ये राहतात असे संस्थेचे मत आहे काय?" इतिवृत्तातील काही भाग जसाच्या तसा :

घर क्र. ९ : "पाच वर्षं मी त्याच्याबरोबर खडी झाडली. घरचा असल्याशिवाय कोण माणूस दुसऱ्याच्या पन्हळीत हात घालतो?" (हशा.)

घर क्र. ३ : "तो राहतो की नाही ते मला माहीत नाही. पण राहत नसेल, तर पुढच्या मेमध्ये शिडीवर कोण चढणार ते आधी सांगा."

घर क्र. ६ : "तो राहत नसेल, तर चौदा नंबर पाच वर्षं गैरहजर आहे. मग मी का कंबर मोडून घेत होतो?"

घर क्र. १४ यांनीही मत मांडले.

राहतात : ११. राहत नाहीत : १. तटस्थ : ३.

अर्जदार त्या सभेत सुमारे दहा मिनिटे बोलली. त्या दहा मिनिटांचे वर दिलेले एक वाक्य झाले. त्यानंतर वॉफल आणि कॉफी झाली. अर्जदारालाही वॉफल देण्यात आले आणि ते तिने खाल्ले, कारण ती कामावरून थेट आली होती आणि तिला भूक लागली होती.

एखादा माणूस कुठे राहतो हे बहुमताने ठरते की काय, याबद्दल अर्जदाराने कायद्याचे पुस्तक पाहिले. तशी तरतूद नाही. परंतु आपल्या ३ ऑक्टोबरच्या पत्रात "स्थानिक समुदायाचे स्पष्ट मत" असा उल्लेख आहे.

८. त्याच पत्रात नवा पुरावा आहे : टपालपेटीचे छायाचित्र. पेटीवर "मारगुन आणि तिरिल लीबेक" या पट्टीखाली दुसरी पट्टी चिकटवलेली असून तिच्यावर "टोरलाइफ" असे लिहिले आहे. आपले तपासनीस सप्टेंबरच्या अखेरीस येऊन ते छायाचित्र काढून गेले. दार वाजवले असते तर अर्जदाराने खुलासा केला असता. तो आता करते.

तिरिल या वर्षी वाचू लागली आहे आणि दिसेल ते वाचते. दुधाचा डबा, औषधाची चिठ्ठी, बसमधल्या सूचना, सगळे. २९ ऑगस्टचा निर्णय स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता. तिने तो बोट ठेवून वाचला आणि विचारले, "बाबा इथे राहतात?" अर्जदार म्हणाली, नाही, चूक झाली आहे. "मग दिसत कसे नाहीत?" अर्जदार पुन्हा म्हणाली, चूक आहे, ऑफिसची. दुसऱ्या दिवशी ती शाळेत बाईंना म्हणाली, आमचे बाबा घरी राहायला आले. बाईंनी अर्जदाराचे फोनवर अभिनंदन केले. त्याच आठवड्यात तिरिलने कागदाची पट्टी कापली, त्यावर नाव लिहिले, खाली खुर्ची नेली आणि तिच्यावर चढून ती पट्टी टपालपेटीवर चिकटवली. नावातले एक अक्षर उलटे आहे, ते आपल्या छायाचित्रात स्पष्ट दिसते. प्रौढ माणूस स्वतःचे नाव असे लिहीत नाही.

अर्थात आपल्या पत्रामुळे ती पट्टी लागली आणि त्या पट्टीमुळे आपले पत्र खरे ठरले. यात अर्जदाराचा सहभाग इतकाच की टेबल तिचे होते.

पट्टी अजून पेटीवर आहे. ती काढायला अर्जदार दोनदा खाली गेली होती.

८-अ. टोरलाइफकडूनही निवेदन घ्यावे, असे आपण सुचवले. अर्जदाराने फोन केला. तो म्हणाला, "मी तुझ्याकडे राहत नाही हे तुला माहीत, मला माहीत. अजून कोणाला पटवायचंय?" अर्जदार म्हणाली, सरकारला, ते विचारतात, मग राहतो कुठे. तो म्हणाला, "ते मात्र नको." अर्जदाराने कारण विचारले. "मारगुन, उगाच विचारू नकोस. तुला माहितीये." शनिवारी तिरिलला घ्यायला आला तेव्हा तो गाडीतून उतरला नाही, फक्त हॉर्न वाजवला. पाच मे महिने ज्याला फाटकाच्या आत यायला कसली लाज वाटली नाही, तो आता फाटकाबाहेर थांबतो. आणि ब्योर्गने खिडकीतून हात केला की तोही हात करतो.

९. (आपल्या २७ ऑक्टोबरच्या पत्रात दोन मार्ग दिले आहेत. पहिला : टोरलाइफचा खरा पत्ता कळवावा, म्हणजे चौकशी तिकडे वळवता येईल. त्यानुसार अर्जदाराने येथे तीन ओळी लिहिल्या होत्या. त्यांत एक रस्ता, एक दारक्रमांक आणि एक नाव होते. त्या तिने खोडल्या. खोडलेले उजेडासमोर धरले की वाचता येते, असे लक्षात आल्यामुळे संपूर्ण अर्ज नव्या कागदावर पुन्हा लिहिला आहे. परिच्छेदाचा क्रमांक तसाच ठेवला आहे.)

१०. खोडण्याचे कारण विचारले जाईल म्हणून. त्या दारावरही एका बाईचे एकच नाव आहे आणि आत दोन मुले आहेत. ते दार ग्रोसुंदमध्ये आहे की अन्यत्र, हे अर्जदार सांगणार नाही. त्या बाईबद्दल अर्जदाराला काडीचे प्रेम नाही. परंतु तिच्याकडेही दर महिन्याला अशाच कार्यालयाचे, एकट्या आईच्या सहाय्याचे पाकीट येते आणि ते फोडण्याआधी तीही उभीच राहत असेल. ब्योर्गने झोपाळा वाचवला. टोरलाइफने आपला बिछाना वाचवला. नऊ नंबरने, सहा नंबरने आपापले शनिवार वाचवले. वाचवण्यासारखे अर्जदाराच्या हातात आता हे एकच काहीतरी उरले आहे, आणि तेही परक्याचे.

११. दुसरा मार्ग सोपा आहे. सोबतचा "घर सोडल्याची सूचना" हा नमुना भरून द्यावा, श्री. ओस हे घर सोडून गेल्याचे त्यात कळवावे. म्हणजे पुढील महिन्यापासून सहाय्य सुरू होईल आणि मागील पाच वर्षांचे हप्त्यांनी फेडता येईल. सगळे अर्जदाराला हेच सांगतात. ब्योर्ग तर जिन्यात थांबवून म्हणाली, "अगं, लिहून टाक ना, गेला म्हणून! एक तारीख टाकायची, एक सही करायची. कुणाचं काय जातं? तुझंही चालू होईल आणि आमचंही राहील." तिने अर्जदाराच्या दंडावर हात ठेवला होता. तो हात नेहमीसारखाच उबदार होता, आणि हेच अर्जदाराला सर्वांत जास्त लागले.

अर्जदाराने नमुना भरायला घेतला होता, हे ती लपवत नाही. मुलीच्या पायाचे माप वाढले आहे आणि यंदा शेजार निधीकडून पावती येणार नाही. ती टेबलाशी बसली. नाव, पत्ता, मुलांची संख्या ही उत्तरे तिने मनाशी ठरवली. मग पुढचे रकाने वाचले.

रकाना ४ : सदर व्यक्ती घर सोडून गेल्याची तारीख.

रकाना ५ : घरातील मुलांना याची कल्पना देण्यात आली आहे काय? (होय / नाही)

१२. टोरलाइफ ज्या सकाळी खरोखर गेला, त्या सकाळी तिरिल पाळण्यात झोपली होती. दार हळू लावून घेण्याइतके भान त्याला होते. तिला ते जाणे माहीत नाही. बाबा दुसरीकडे असतात आणि शनिवारी येतात, एवढेच तिला माहीत होते आणि त्यात तिचे काही अडत नव्हते. आपल्या पत्राने तो परत आला. आता या नमुन्याने तो पुन्हा जाईल, आणि या वेळी ती जागी आहे. तिला वाचता येते. खाली आईची सही दिसेल.

१३. सहाय्य पूर्ववत सुरू करावे, ही विनंती कायम आहे. ते होणार नसेल, तर निदान २९ ऑगस्टच्या निर्णयातील ती एक ओळ चुकीची होती, असे आपल्या कार्यालयाच्या कागदावर, शिक्क्यासह, सोप्या शब्दांत लिहून द्यावे. पत्र माझ्या नावाने नको. तिरिल लीबेक, घर क्र. १४, या नावाने पाठवावे. मी तिला रोज सांगते आहे. ती म्हणते, "तुला काय माहीत, आई? हे ऑफिसनं लिहिलंय."

कळावे,

घर क्र. १४ मधील एकमेव प्रौढ रहिवासी,
(सही)
मारगुन लीबेक

सोबत जोडलेली कागदपत्रे :
१) शेजार निधीच्या पावत्या, पाच.
२) श्रमदानाच्या याद्या, पाच.
३) विशेष सभेचे इतिवृत्त, एक पान.
४) टपालपेटीवरील पट्टीची छायाप्रत. (मूळ पट्टी तिरिल शाळेतून येण्याआधी परत लावली आहे.)
५) "घर सोडल्याची सूचना" हा नमुना, कोरा.